उजवीकडून डावीकडे

अरबीतलं पहिलं प्रूफ टेबलावर आलं तेव्हा टिंबकाकांनी ते आधी सुलटं धरलं, मग उलटं धरलं. कसंही धरलं तरी आपल्याला सारखंच आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी ते मुकाट्याने खाली ठेवलं.

शिवणयंत्रांच्या त्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत होते. यंत्राच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका जाते, म्हणजे दोरा कसा ओवावा, तेल कुठे घालावं, सुई मोडली तर काय करावं, तिच्यातलं एकही टिंब त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. सुटलेलं टिंब त्यांना चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं. त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. साहेबांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे त्यांना टिंबकाकाच म्हणत.

आता कारखान्याला पहिल्यांदाच अरबी मुलखातून ऑर्डर आली होती. आठ हजार यंत्रं. तिकडच्या व्यापाऱ्याची अट एकच होती, पुस्तिका अरबीत हवी आणि ती धड हवी.

"काका, सही करा, म्हणजे छापायला पाठवते," डिझायनर मुलगी म्हणाली.

"अगं, मला अरबी येत नाही."

"इथे कुणालाच येत नाही. पण सही तुमचीच लागते."

दुसऱ्या कुणी डोळे मिटून सही ठोकली असती. टिंबकाकांनी अनुवादक बाईंनी पाठवलेली मूळ पानं मागवली, पट्टी काढली आणि दोन दिवस आकृतीशी आकृती ताडून पाहिली. आणि हळूहळू त्यांना त्या लिपीचा लळाच लागला. इथे तर टिंबांचं राज्य होतं! एकच होडी, तिच्याखाली एक टिंब दिलं की एक अक्षर, वर दोन दिली की दुसरं, तीन दिली की तिसरं. शून्यसुद्धा नुसतं टिंबच. आपण चुकीच्या मुलखात जन्माला आलो की काय, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अनुवादक बाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्या पानात अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात. आमच्या प्रूफात ती भांडण झाल्यासारखी सुटी उभी आहेत. आणि सातव्या पानावर, चौथ्या ओळीत, तिसऱ्या शब्दाच्या डोक्यावरचं टिंब गेलंय."

बाईंनी प्रूफ मागवून पाहिलं आणि त्या थक्कच झाल्या. संगणकाने अक्षरं तोडून टाकली होती आणि ते एक टिंब नसल्यामुळे 'दोरा' हा शब्द दोरा उरला नव्हता.

"तुम्हाला अरबी येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. मोजता येतं."

बाई मोकळ्या मनाच्या होत्या. त्यांनी साहेबांना फोन करून टिंबकाकांचं कौतुक केलं आणि टिंबकाकांना चार गोष्टी समजावून सांगितल्या. ही भाषा उजवीकडून डावीकडे जाते. पुस्तिका उजवीकडून उघडते, चित्रांचा क्रम उजवीकडून लागतो, बाणसुद्धा फिरवावे लागतात. "आणि शेवटचं प्रूफ मला दाखवल्याशिवाय छापू नका. मी दोन आठवडे प्रवासात आहे, आल्यावर बघते."

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो कौतुकामुळे. आठवडाभरात टिंबकाका कारखान्याचे अरबी पंडित झाले. चहाच्या वेळी लोक त्यांच्याभोवती जमू लागले. "काका, अरबीत असं का असतं हो?" असं कुणी विचारलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "त्याचं असं आहे, सगळं मुळी उजवीकडून सुरू होतं."

बुधवारी दुपारी साहेब आत आले. "मागच्या पानावर आपल्या सेवाकेंद्राचा फोन नंबर टाका. अरबी बोलणारा सेवा अधिकारी नेमलाय मी, पुढच्या महिन्यात रुजू होईल. छपाई उद्या सकाळी."

"पण बाई प्रवासात आहेत. त्यांना दाखवल्याशिवाय…"

"एका नंबरासाठी बाई कशाला? तुम्ही आहात ना!"

तुम्ही आहात ना, या तीन शब्दांपुढे सव्वीस वर्षांची शिस्त विरघळली. डिझायनर मुलीने अरबी वळणाचे आकडे टाकून नंबर लावला. टिंबकाका पडद्याकडे पाहून गालात हसले.

"अगं, हा डावीकडून लावलास."

"आकडे पण उजवीकडून असतात का काका?"

"बाणसुद्धा फिरवतात तिथे. आकड्यांनी काय घोडं मारलंय?"

मुलीने आठही आकडे उलटे केले. देशाचा आणि गावाचा क्रमांक कंसात होता, त्या कंसामुळे तो वाचला. टिंबकाकांनी झोकात सही केली. आठ हजार पुस्तिका छापल्या गेल्या, खोक्यांत बसल्या, खोकी जहाजावर चढली आणि जहाज निघून गेलं.

सोमवारी अनुवादक बाईंचा फोन आला.

"पुस्तिका पाहिली. सुरेख झालीय हो! तुमचा सेवाकेंद्राचा नंबर बदलला का?"

"नाही. का बरं?"

"मग हा उलटा का छापलाय? अरबी अक्षरं उजवीकडून लिहितात काका, आकडे मात्र आपल्यासारखेच. डावीकडून."

टिंबकाकांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींची शेड होती. सायकली मोजून झाल्यावर त्यांना एक आशा वाटली: असा उलटा नंबर अस्तित्वातच नसेल. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो फिरवला.

"बोला," पलीकडून खणखणीत बाईमाणसाचा आवाज आला. टिंबकाकांनी फोन आदळला.

शनिवारी दुपारी, पत्ता शोधून काढून, ते त्या दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि एक थाप घोकून ठेवली होती. दार उघडलं ते सत्तरीच्या, ताठ कण्याच्या एका बाईंनी. आत खिडकीशी दुसऱ्या एक आजी यंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होत्या.

"मी टेलिफोन खात्यातून आलोय," टिंबकाका म्हणाले. "तुमच्या नंबरात तांत्रिक अडचण आहे. तो बदलून घ्यावा लागेल."

"असं का? कुठल्या केंद्रातून आलात?"

"मुख्य."

"मुख्य केंद्रात कुणाच्या हाताखाली?"

"…साहेबांच्या."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "त्याच केंद्रात मी चौतीस वर्षं ऑपरेटर होते. नंबर बदलायला खातं माणूस पाठवत नाही, कागद पाठवतं. तोही उशिरा. आत या, पाणी प्या आणि खरं काय ते सांगा."

टिंबकाका पाणी प्यायले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सव्वीस वर्षांतली पहिली चूक, तीही एक नाही, आठ हजार.

"इतकं मनाला लावून घेऊ नका," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "फोन आला तर राँग नंबर म्हणून सांगेन आणि तुमचा नंबर देईन. जन्मभर तेच केलंय."

"अरबीत?"

"लिहून द्या की. वन्सं, ऐकलंत का? आपल्याकडे आता परदेशातून फोन येणार."

"येऊ देत," अभ्रे शिवणाऱ्या नणंदबाई मान वर न करता म्हणाल्या. "इथून तरी कोण करतंय!"

अनुवादक बाईंनी टिंबकाकांना वाक्य लिहून दिलं: 'अर्-रकम गलत', म्हणजे नंबर चुकलाय. शिवाय एक ते नऊ आकडे आणि शून्य. पुढच्या शनिवारी टिंबकाका ते घेऊन गेले.

"रकम म्हणजे आपली रक्कम आणि गलत म्हणजे आपली गल्लत," वन्सं लगेच म्हणाल्या. "पैशांची भानगड आहे का हो काही?"

"नाही नाही. तिकडे रकम म्हणजे आकडा."

"मग ठीक. आकड्यांची गल्लत तर तुम्ही केलीच आहे."

महिन्याभराने पहिला फोन आला. ऑपरेटर बाईंनी घसा साफ करून 'अर्-रकम गलत' म्हटलं आणि कारखान्याचा नंबर एकेक आकडा सुटा करून अरबीत सांगितला. पलीकडची बाई ऐकत राहिली आणि मग खळखळून हसली. हसत हसत तिने तोच नंबर उलट्या क्रमाने वाचून दाखवला. एकदा नाही, तीनदा. अगदी सावकाश, मुलाला शिकवावं तसा.

टिंबकाकांनी हे अनुवादक बाईंना कळवलं तेव्हा त्याही हसल्या. "अहो, तिच्या हातात पुस्तिका आहे. तुमच्या ऑपरेटर बाई तोच नंबर उलटा सांगतायत. तिला वाटणारच की या परक्या बाईला अरबी आकडे वाचता येत नाहीत, उजवीकडून वाचतेय! ती बिचारी सुधारत होती."

म्हणजे चूक दुरुस्त करायची वाटच बंद. जो कुणी फोन करील तो बरोबर नंबर ऐकून ऑपरेटर बाईंनाच शिकवायला बसणार.

फोन वाढत गेले. ऑपरेटर बाई चौतीस वर्षांच्या सवयीने एकही फोन अर्ध्यात सोडत नसत. पलीकडची बाई आधी कशी आहेस विचारते, मग घरचे कसे आहेत विचारते, हे त्यांनी दोनच दिवसांत हेरलं आणि त्यांना ते फार आवडलं. अनुवादक बाईंनी सांगितलं की तिकडे खुशाली विचारल्याशिवाय थेट कामाला हात घालणं बरं दिसत नाही. "मग बरोबरच आहे त्यांचं," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "इथे आमचा भाचा फोन उचलल्या उचलल्या म्हणतो, काय काम आहे?"

'अहलन, कैफ हालिक' त्यांना सहज जमलं. पुढची तक्रार मात्र कळत नव्हती. त्यावर तोड वन्संनी काढली. एकदा पलीकडून यंत्राची खरखर ऐकू आली आणि त्यांनी हातातला अभ्रा टाकून रिसीव्हर ओढून घेतला.

"हिचं खालचं रीळ उलटं बसलंय! अहो वहिनी, सांगा तिला."

"काय सांगू? रिळाला काय म्हणतात?"

"चित्र कितवं आहे ते सांगा!"

टिंबकाकांनी आणून दिलेल्या पुस्तिकेत ते चित्र पाचवं होतं. "खम्सा," ऑपरेटर बाई म्हणाल्या. मग, "यमीन," म्हणजे उजवीकडे. पलीकडे खुडबुड झाली. मग यंत्र चालू झालं, टकटकटक, लोण्यासारखं. दोन्हीकडच्या बायका एकदमच ओरडल्या.

तेव्हापासून टिंबकाका दर शनिवारी जाऊ लागले. नवे शब्द लिहून न्यायचे, इब्रा म्हणजे सुई, खैत म्हणजे दोरा, आणि अपराधी चेहऱ्याने चहा प्यायचे. घरी बायकोने विचारलं, "दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून कुठे जाता?"

"हातून एक चूक झालीय, ती निस्तरायला."

"तुमच्या हातून? चूक?" तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मग नक्कीच खोटं बोलताय."

इकडे कारखान्यात नवा सेवा अधिकारी चकाचक टेबलावर नवाकोरा फोन ठेवून बसला होता. सहा महिने अभ्यासवर्गाला जाऊन अरबी शिकला होता, पहिला वर्ग मिळवला होता. फोन वाजत नव्हता. तो दिवसातून दोनदा रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना हे बघायचा, मग एक वाक्य मनाशी घोकायचा आणि परत ठेवायचा. टिंबकाकांना त्याच्या दारावरून जाववत नसे. ते लांबचा जिना घेऊ लागले.

साहेब मात्र खूश होते. "आठ हजार यंत्रं आणि एक तक्रार नाही! माल असा पाहिजे." टिंबकाका तीनदा कबुली द्यायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले. तिन्ही वेळा साहेबांनी त्यांची पाठ थोपटून परत पाठवलं. "तुमच्या पुस्तिकेचा वाटा आहे हं यात, टिंबकाका. इतकी स्पष्ट, की लोकांना फोन करायची गरजच पडत नाही!"

वर्ष सरत आलं आणि व्यापारी स्वतःच आला. सोळा हजार यंत्रांची नवी ऑर्डर घेऊन. दुभाषी म्हणून अनुवादक बाई आल्या होत्या. साहेबांनी मोठ्या अभिमानाने सेवा अधिकाऱ्याला पुढे केलं. त्याने वर्षभर साठवलेलं सगळं अरबी एका दमात म्हणून दाखवलं. व्यापाऱ्याने अदबीने ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत," अनुवादक बाई ओठ आवरत म्हणाल्या, "की हे बातम्या देतात का? यांचं अरबी फार शुद्ध आहे."

मग व्यापारी बराच वेळ बोलला. बाईंचा चेहरा सावध झाला. "ते म्हणतात, तुमच्या सेवाकेंद्रातल्या बाईंना भेटायचंय. आधी घरच्यांची खुशाली विचारतात त्या बाई. यांची मावशी यंत्र परत करायला निघाली होती, तिला त्यांनी फोनवर आवाज ऐकून दुरुस्त करून दिलं. तिकडे दुकानात बायका विचारतात, ती फोनवाली बाई मिळते तेच यंत्र द्या."

"आमच्याकडे अशी कुणी बाई नाही," साहेब म्हणाले.

व्यापाऱ्याला वाटलं, साहेब विनय करतायत. त्याने खिशातून पुस्तिका काढली, नंबर लावला आणि मोबाइल टेबलावर मधोमध ठेवला. शेजारच्या खोलीत सेवा अधिकाऱ्याचा फोन वाजेल म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. तिकडे शुकशुकाट. टेबलावरच्या मोबाइलमधून मात्र खणखणीत आवाज आला.

"अहलन! कैफ हालिक?"

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. तो उत्तर देणार, एवढ्यात मागून दुसरा आवाज आला, आणि हा काही अरबी नव्हता.

"वहिनी, टिंबकाकांचा फोन असेल तर सांगा, शनिवारी येताना चौदा नंबरच्या सुया आणा म्हणावं. आणि गेल्या वेळी छत्री विसरलेत."

साहेबांनी मान अगदी सावकाश कोपऱ्यात बसलेल्या टिंबकाकांकडे वळवली.

"साहेब," टिंबकाका उभे राहिले, "नंबर उलटा छापला गेला. म्हणजे, गेला नाही. मी छापला."

"किती पुस्तिकांत?"

"सगळ्या."

हे भाषांतर करावं की नाही, या विचारात अनुवादक बाई पेल्यातलं पाणी बघत राहिल्या. शेवटी व्यापाऱ्यानेच त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी सांगून टाकलं. सगळं, अगदी टेलिफोन खात्याच्या थापेपर्यंत. व्यापारी आधी गंभीर झाला, मग त्याचे खांदे हलू लागले, मग त्याने डोळे पुसले.

"ते म्हणतायत," बाई म्हणाल्या, "उलटा असला तर असू द्या. तोच नंबर राहिला तर सोळा हजार यंत्रं घेईन. नाहीतर विचार करावा लागेल."

टिंबकाकांना ओरडावं की पेढे द्यावेत, हे साहेबांना ठरवता येईना. त्यांनी दोन्ही टाळलं आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः ऑपरेटर बाईंच्या घरी गेले. नंबर कारखान्याला देऊन टाका म्हणाले. बाईंनी साफ नाही सांगितलं. नंबर त्यांचा होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळालेला. मग पगार ठरला, वन्संचाही ठरला, आणि नंबर तिकडून इकडे येईना म्हणून सेवा अधिकारीच इकडून तिकडे गेला. तो आता रोज दहा वाजता डबा घेऊन जायचा, दोघींच्या मधे बसून भाषांतर करायचा. बातम्यांची भाषा जाऊन त्याच्या तोंडी मावश्यांचं अरबी येऊ लागलं, आणि दुपारच्या निवांत वेळात तो अभ्र्याच्या कडा दुमडायला शिकला. कारखान्यातल्या त्याच्या खोलीला कुलूप लागलं.

नव्या पुस्तिकेचं प्रूफ आलं तेव्हा टिंबकाकांनी कुठलाही पंडितपणा केला नाही. आठही आकडे अनुवादक बाईंना मोठ्याने वाचायला लावले, ऑपरेटर बाईंच्या टेलिफोन बिलाशी ताडून पाहिले, मग सही केली.

आठ दिवसांनी छापखान्याच्या फोरमनचा फोन आला. माणूस मोठा काळजीवाहू.

"काका, सोळा हजार प्रती बंदरावरच खोक्यांत भरल्या, सकाळीच निघालं जहाज. आणि तुमच्यावर एक उपकार केलाय हं. पानांच्या क्रमांकांवरून अरबी आकडे ओळखता येतात मला आता. मागच्या पानावर तुमच्या कारखान्याचा नंबर चुकला होता. तुमच्या लेटरहेडवर बघितलं, तर अगदी उलटा! तुमच्या हातून अशी चूक होणार नाही, संगणकानेच घोळ घातला असणार म्हणून मी आपला सुलटा करून टाकला."

टिंबकाकांनी त्याचे आभार मानले. चष्मा काढून ठेवला, डोळे चोळले आणि मग ऑपरेटर बाईंचा नंबर फिरवला. तिकडे वन्संच्या यंत्राची टकटक चालली होती, आणि सेवा अधिकारी कुणाच्या तरी मुलीच्या परीक्षेची चौकशी करत होता.

"बोला टिंबकाका. आवाज का असा?"

"बाई, घोटाळा झाला. सोळा हजार पुस्तिका गेल्या."

"अगं बाई! पुन्हा नंबर चुकला?"

"नाही हो," टिंबकाका रडवेल्या आवाजात म्हणाले, "या वेळी बरोबर छापलाय."